सतरा माणसांचा एक नंबर

मी काय काम करते हे मला अजून नीट सांगता येत नाही. पुण्याच्या एका कंपनीत मी बॅक-एंडला आहे. म्हणजे लोकांना मोबाइलवर जो पडदा दिसतो, त्याच्या पाठीमागे माहिती साठवायची, गाळायची, जोडायची, ती बाजू. त्या बाजूला आम्ही सात जण आहोत आणि सातवी मी. यवतमाळच्या कॉलेजात इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, सोबत ही सहा महिन्यांची इंटर्नशिप. नीट झाली तर पक्कं करू, असं कंपनीने सांगितलं आहे. नीट म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

आठवड्यातले दोन-तीन दिवस मी गावाहून काम करते. गाव नेर तालुक्यात. कंपनीची माहिती ज्या सर्व्हरवर असते ते नक्की कुठे आहेत, मला ठाऊक नाही. पण त्यांच्यापर्यंत पोचायची आमच्या वस्तीतली जागा मला पक्की ठाऊक आहे: बुद्धविहाराच्या पायऱ्यांपैकी वरून तिसरी. चौथ्या पायरीवर आवाज तुटतो. रोज सकाळी अकराच्या मीटिंगला मी त्या पायरीवर बसलेली असते आणि माझ्यामागे कोंबड्या फिरतात. पुण्याच्या लोकांना वाटतं, मी कॅमेरा मुद्दाम बंद ठेवते कारण माझं नेट हळू आहे. नेट चांगलं असतं.

घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. त्यामुळे माझ्या कामाबद्दल घरी आदर भरपूर आणि प्रश्न कमी. प्रश्न विचारते ती फक्त आत्या. बाबांची मोठी बहीण, एकटी राहते, आमच्यापासून दोन घरं सोडून. एकदा तिने मला पायरीवरच गाठलं.

“दिवसभर त्या डब्ब्यात पाह्यतं. करतं काय पन?”

“याद्या नीट करते, आत्या. मोठ्या मोठ्या याद्या असतात. त्यातलं चुकलेलं, दोनदा आलेलं काढून टाकते.”

“म्हंजे गहू निवडल्यावानी.”

“हो. तसंच.”

“मंग त्याच्यासाठी चार वर्सं कॉलेजात कायले गेली वं? मी घरी शिकवलं असतं.”

मला ते उत्तर आवडलं होतं. पुण्याला सांगायची हिंमत मात्र झाली नसती.

आता नंबरबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

मी बारावीत असताना बाबांनी मला मोबाइल घेऊन दिला. तेव्हापासून नंबर बदललेला नाही. आमच्या वस्तीत ही मोठी गोष्ट आहे. इतरांकडे मोबाइल आहेत, नाही असं नाही. पण कोणाचा रिचार्ज संपलेला असतो, कोणी नवी ऑफर आली की सिम बदलतं, कोणाचा मोबाइल मुलगा पुण्याला घेऊन गेलेला असतो. आणि आलेला मेसेज वाचायचा कोणी? त्यामुळे कुठलाही फॉर्म भरताना मोबाइलचा रकाना आला की वस्तीत एकच वाक्य ऐकू येतं: “पोट्टीचा नंबर टाका जी.” रेशन, गॅस, शाळेचा दाखला, बायांचे बचत गट, सगळीकडे माझा नंबर. ओटीपी मला येतो, मी ओरडून सांगते, पलीकडून कोणीतरी लिहून घेतं. कोणाचा गॅस बुक झाला, कोणाच्या मुलीचं ॲडमिशन लागलं, हे मला त्यांच्या आधी कळतं. खरं सांगायचं तर मला याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

पावसाळा सरता सरता गावच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. एक सेवाभावी संस्था गावोगाव अशी शिबिरं घेते. डोळे, दमा, बायांची तपासणी, सगळं एका दिवसात. टॅबवर नाव, वय, तक्रार, मोबाइल नंबर. आमच्या वस्तीतून सतरा जण गेले. सगळ्यांनी माझाच नंबर दिला. मी त्या दिवशी यवतमाळला परीक्षेला होते.

आत्या गेली कारण तिला जावंच लागलं. डाव्या डोळ्याने तिला तीन-चार वर्षांपासून दिसत नव्हतं. उजवाही धूसर होत चालला होता आणि ती ते लपवत होती. घरापासून नळापर्यंतची पावलं तिने मोजून ठेवली होती. मला कळलं ते मागच्या हंगामात कापूस वेचताना. तिच्या कमरेला बांधलेल्या ओट्यात कापसापेक्षा पाला जास्त येऊ लागला होता, बाया हसायच्या आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायची. शिबिरातल्या डॉक्टरने सांगितलं, डाव्याचं आता काही होणार नाही, उजव्यातला मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन लवकर करा, लांबवलं तर अवघड जाईल. नाव यादीत घेतलं, मोबाइलवर मेसेज येईल म्हणाले. तेव्हापासून आत्या रोज मला विचारायची, “आला काय?”

सगळ्यात शेवटी, तंबू काढायच्या वेळेला, नाव नोंदवलं ते आमच्या शेजारच्या काकांनी. काका एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत. शिबिरात काळे गॉगल फुकट देतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते गेले. गॉगल ऑपरेशन झालेल्यांनाच देतात हे कळल्यावर त्यांनी चहा घेतला, नाव लिहून दिलं आणि परत आले.

मग योगायोग म्हणा किंवा काय म्हणा, इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यात मला त्याच संस्थेच्या माहितीचं काम मिळालं. ती संस्था आमच्या कंपनीची ग्राहक आहे. अनेक जिल्ह्यांतल्या शिबिरांची माहिती रोज वर चढते आणि दुपारी दोन वाजता एक प्रोग्राम ती साफ करतो. संस्थेची तक्रार अशी होती, की एकच माणूस दोन-तीन शिबिरांत नाव लिहितो आणि ऑपरेशनच्या यादीत त्याच्या नावाने दोन-तीन जागा अडकतात. माझं काम होतं, असे दुहेरी लोक शोधायचे.

मी चार दिवस विचार केला. नावावर भरवसा ठेवता येत नव्हता, घाईत टॅबवर काहीही टाइप होतं. वय तर लोक दर शिबिरात वेगळं सांगतात. राहिला मोबाइल नंबर. मी नियम लिहिला: नंबर एक तर माणूस एक. शेवटची नोंद ठेवायची, आधीच्या बाजूला काढायच्या आणि त्यांच्यातल्या तक्रारी शेवटच्या नोंदीत ओतायच्या. ही शेवटची ओळ मला फार आवडली होती. कोणाचंही दुखणं वाया जात नव्हतं.

लोकांची खासगी माहिती आम्हाला उघडी दिसत नाही. नंबरच्या जागी अक्षरांची लांबलचक खिचडी दिसते. त्यामुळे माझाच नंबर मला ओळखू आला नाही, हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही.

मीटिंगमध्ये मी नियम दाखवला. आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम पुण्याच्या, शांत, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. पडद्यावर सगळ्यात मोठे गट वर आले होते. एका गटावर त्या थांबल्या.

“हे सतरा काय आहेत? एका नंबरवर सतरा नोंदी?”

मी पायरीवर बसले होते. खाली, तीस पावलांवर, एक काकू मला हाताने खूण करून विचारत होत्या की गॅसचा मेसेज आला का.

“एका नंबरवर इतकी माणसं खरंच असू शकतात का गं?” मॅडमनी विचारलं.

त्या मीटिंगमध्ये याचं उत्तर ठाऊक असलेली मी एकटीच होते. मी म्हणाले, “नसतात मॅडम. शिबिरवाल्यांनी टेस्टिंगसाठी एकच नंबर टाकला असेल.”

असं का म्हणाले, ते मी तेव्हापासून बऱ्याच वेळा स्वतःला विचारलं आहे. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. एवढंच, की त्या मीटिंगमध्ये मी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात “आमच्याकडे असतात” हे वाक्य बसेना. मॅडम “ओके” म्हणाल्या. मी काकूंना खूण केली, मेसेज आलेला नाही. नियम लागू झाल्यावर यादी बरीच आटली. संस्थेकडून कौतुकाचा मेल आला आणि मॅडमनी तो माझं नाव घेऊन वाचून दाखवला. मी काकूंना खूण केली, मेसेज आलेला नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. आपली शस्त्रक्रियेसाठी निवड झाली आहे, उद्या सकाळी साडेनऊ वाजता नेर बसस्थानकावर संस्थेची गाडी येईल, आधार कार्ड सोबत आणावे. नाव नव्हतं. कशाला असेल? मी पळत आत्याकडे गेले.

“आला!”

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “खरंच का वं?” एवढंच म्हणाली. मग उठली आणि धुतलेलं लुगडं परत धुवायला घेतलं.

सकाळी मी, आत्या आणि तिची पिशवी नेरच्या स्टँडवर पोचलो. दिवसभराचं काम दवाखान्यात बसून करू म्हणून मी लॅपटॉप घेतला होता. काका आधीच तिथे होते. त्यात नवल नाही. रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी स्टँडवर येतात आणि गाड्या मागे घेताना ड्रायव्हरला हात दाखवतात. कोणी सांगितलेलं नसतं.

संस्थेची पांढरी गाडी आली. तिच्यासोबत टॅब घेतलेली एक ताई होती, माझ्याहून फार मोठी नसावी. ती एकेकाचं नाव पुकारून आत बसवत होती. आत्याचं नाव येईना. मी पुढे झाले.

“आजींचं नाव नाहीये यादीत,” तिने बोट फिरवत सांगितलं.

“मेसेज आलाय ना,” मी मोबाइल दाखवला.

तिने माझा नंबर टाइप केला. “नंबर आहे. पण पेशंट पुरुष आहे.” आणि तिने काकांचं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

काका तिकडून ओरडले, “हाजिर! कोन बोलावून राह्यलं?”

“तुम्हीच का? या इकडे.” ती पडद्यावरून वाचायला लागली. “वय त्रेसष्ट. उजवा डोळा मोतीबिंदू. दमा. गुडघेदुखी. अंगात रक्त कमी…” ती थांबली. पुन्हा पाहिलं. “सहावा महिना.”

गाडीत बसलेली एक म्हातारी खिदळली. चहाच्या टपरीवरून आवाज आला, “काका, पेढे कवा देता?”

“रिटायर होऊन सहावं वर्स चालू हाये बाई,” काका टॅबवाल्या ताईला समजावत म्हणाले. “महिना नाही. दुरुस्त करून घ्या.”

सगळे हसत होते. आत्याही हसली, जिकडून आवाज येत होता तिकडे तोंड करून. मला हसू आलं नाही. दमा कोणाचा, गुडघे कोणाचे, सहावा महिना कोणाच्या सुनेला, हे मी एकेक करून सांगू शकले असते. माझ्या आवडत्या ओळीने आमची वस्ती उचलून काकांच्या अंगात ओतली होती.

“ताई, चूक झालीये,” मी म्हणाले. “ऑपरेशन यांचं आहे, आत्याचं. कागद आहे बघा शिबिराचा.”

तिने कागद पाहिला. तिला पटलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “पण मी यादीबाहेरचा पेशंट नेऊ शकत नाही. मागे एकदा नेला तर दवाखान्याने गेटवरूनच परत पाठवला, मला बोलणी बसली. सिस्टीममध्ये नाव पाहिजे. पुढची फेरी होळीनंतर आहे, तेव्हा मी स्वतः…”

“होळीपर्यंत मी वाट पाह्यतो,” आत्या पटकन म्हणाली. तिला भांडण नको होतं. “कायले त्रास देतं पोरीले? पाह्यू मंग.” आणि ती पिशवी उचलायला वाकली. पिशवी तिच्या उजवीकडे होती. ती डावीकडे चाचपडत होती.

मी तिथल्याच बाकावर बसून मॅडमना फोन लावला.

“मॅडम, ते सतरा नोंदींचं आठवतं?”

“टेस्टिंगचं ना?”

“टेस्टिंगचं नाही. तो माझा नंबर आहे.”

“तुझा म्हणजे?”

“आमच्या वस्तीत सगळे माझाच नंबर देतात. ती सतरा माणसं आहेत. एक इथे माझ्याजवळ उभी आहे, तिचं आज डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग मॅडम म्हणाल्या, “पण मी त्या दिवशी विचारलं…” आणि त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. ते पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. “परत आणायला किती वेळ लागेल?”

“बाजूला काढलेलं सगळं जपून ठेवलंय. दोन तास.”

“फक्त तुमचेच नको. मोठे गट सगळे सोडव. मी तपासून मंजुरी देते. लग्गेच बस.”

पण गाडी थांबणार नव्हती. यवतमाळला दवाखान्यात बारा वाजता दिवसाची यादी बंद होते. टॅबवाली ताई घड्याळ बघत होती. काका इतका वेळ हात मागे बांधून ऐकत होते.

“माही सीट हाये ना गाडीत? यादीत हाये ना मी?” त्यांनी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली.

“मंग मी बसतो. सीट रिकामी जाऊ देत नाही मी. तुमी दोघी मागून लाल गाडीनं या. तवरिक मी तिथी जागा धरून ठेवतो.”

“अहो, तो दवाखाना आहे…”

“गर्दी कशी सांभाळायची मले नका शिकवू बाई. बत्तीस वर्सं केलं.” आणि ते चढून दाराजवळच्या सीटवर बसले. आतल्या म्हातारीला पुढे सरका म्हणाले.

आम्हाला दहा मिनिटांत यवतमाळची एसटी मिळाली. आत्याला खिडकीशी बसवलं, लॅपटॉप मांडीवर घेतला, मोबाइलचं नेट जोडलं. रेंज यायची, जायची. एक गाव आलं की चार ओळी पुढे, गाव मागे पडलं की थांब. मोठे गट उघडले तेव्हा मला कळलं, आम्ही एकटे नव्हतो. एकेका नंबरवर नऊ, बारा, वीस जण. घाटंजीकडे, पांढरकवड्याकडे, झरी जामणीच्या जंगलातल्या गावांत. प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखी कोणीतरी असणार, जिचा नंबर बदलत नाही. मी त्या सगळ्यांची गावं एकेका माणसात कोंबली होती आणि त्याबद्दल मला कौतुकाचा मेल आला होता.

“माहं नाव कोनं काढलं वं?” आत्याने विचारलं. ती खिडकीबाहेर पाहत होती, काही दिसत नसलं तरी.

“सिस्टीमनं.”

“थो कोन?”

“माणूस नाही गं. प्रोग्राम असतो.”

“त्याले कोनीतरी सांगतलं असंन ना, काढ म्हनून.”

तेवढ्यात रेंज आली. मी लॅपटॉपकडे वळले.

“म्हंजे गव्हातला खडा निंगाली मी,” ती स्वतःशीच म्हणाली आणि पदर नीट केला.

यवतमाळच्या अलीकडे मॅडमची मंजुरी आली. मी प्रोग्राम सुरू केला. स्टँडवर उतरून ऑटो केला, ऑटोत लॅपटॉप उघडाच धरला होता, ऑटोवाला म्हणाला, “मॅडम, शेअर बाजार का?” दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा बाराला पंधरा मिनिटं होती आणि काम संपायचं होतं.

काका भरतीच्या खोलीत पहिल्या बाकावर होते. त्यांना दवाखान्याचा हिरवा झगा घातलेला होता. उजव्या भुवईवर पेनने फुली होती. डोळ्यांत थेंब टाकलेले, त्यामुळे ते आमच्याकडे पाहून पापण्या मिटमिटवत होते.

“कोन? पोट्टी का?”

“हो काका.”

“लय लवकर आली! बीपी झालं, साखर झाली, दम्याचं झालं. एक नर्स मले बायांच्या वॉर्डात नेत होती, मी गेलो नाही. आता डॉक्टर येते अन् माहा चांगला डोया काढते, म्हनून इथी मुठी आवळून बसलो. पन जागा सोडली नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सांगू का तुले, एकदा वाटलं पयून जावं.”

बारा वाजायला सहा मिनिटं असताना प्रोग्राम संपला आणि काउंटरवरच्या माणसाने माझा नंबर टाकला. पडद्यावर सतरा ओळी आल्या. तो वैतागला. “हे काय, एका नंबरवर एवढे लोक?”

“असतात,” मी म्हणाले. “आमच्याकडे असतात.”

त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याने आत्याच्या ओळीवर टिचकी मारली, आधार कार्ड पाहिलं आणि शिक्का मारला. नर्सने काकांच्या भुवईवरची फुली स्पिरिटने पुसली आणि आत्याच्या भुवईवर नवी काढली. थेंबांमुळे उजेड सोसेना म्हणून काकांना गॉगल मिळाला. ते संध्याकाळच्या गाडीने तो घालूनच घरी गेले.

ऑपरेशन दुपारी झालं. वीस मिनिटं. आत्याला वॉर्डात आणलं, उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. आता तिला काहीच दिसत नव्हतं. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसून कंपनीसाठी घटना अहवाल लिहीत होते. आमच्या कंपनीत याचा एक चांगला नियम आहे. अहवालात कोणाचं नाव लिहायचं नाही. चूक कोणी केली हे विचारायचं नाही, चूक होऊ कशी शकली हे विचारायचं. मला हा नियम मनापासून पटतो. मी लिहिलं: एक मोबाइल क्रमांक म्हणजे एक व्यक्ती असे गृहीत धरले गेले. वाक्य चांगलं झालं होतं. मी ते तीनदा वाचलं. त्यात मी कुठेच नव्हते.

“टकटक कायची करून राह्यली?” आत्याने विचारलं.

“सकाळी जे झालं ते लिहून द्यायचंय. का झालं, कसं झालं.”

“सांगून दे मंग मलेबी.”

मी लॅपटॉप मिटला. “आत्या, तुझं नाव मीच काढलं.”

मग मी सगळं सांगितलं, जमेल तसं. नियम, सतरा, मीटिंग, मॅडमचा प्रश्न. पट्टी बांधलेल्या माणसाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

“तुले माहीत नव्हतं काय, आमी सारे तुहाच नंबर देतो म्हनून?”

“माहीत होतं.”

“थ्या मॅडमनं विचारलं तुले?”

“विचारलं.”

“मंग बोलली काहून नाही?”

“लाज वाटली.”

शेजारच्या पलंगावरच्या बाईने कूस बदलली. आत्याने हात पांघरुणाखाली घेतला.

“कायची लाज वं? नंबरची का आमची?”

अहवालात या प्रश्नाला रकाना नव्हता. मग ती म्हणाली, “पाणी दे,” आणि प्याल्यावर ग्लास माझ्या हातात न देता चाचपडत स्वतःच टेबलावर ठेवला. थोडं पाणी सांडलं. मी पुसायला उठले तर म्हणाली, “राहू दे.” त्यानंतर तिला जे लागलं ते तिने नर्सला मागितलं.

अहवालात मी एक ओळ वाढवली: ही शक्यता बैठकीत विचारली गेली होती आणि उत्तर ठाऊक असलेल्या व्यक्तीने ती नाकारली. मॅडमचा मेसेज आला, नाव नसलं तरी ही ओळ नियमात बसत नाही, काढलीस तरी चालेल. मी काढली नाही. पक्कं करण्याबद्दल अजून काही कळलेलं नाही. नवा नियम काय असावा तेही मलाच सुचवायला सांगितलं आहे. मी चार नियम लिहून पाहिले. चारही नियम मोडणारं माणूस मला आमच्या वस्तीत सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी पट्टी सोडली, कापसाने डोळा पुसला. आत्याने तो घट्ट मिटून घेतला होता.

“उघडा आजी. हळूहळू.”

तिने उघडला. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. डॉक्टरांनी बोटं वर केली.

“किती?”

ती डोळा बारीक करून बोटांकडे पाहत राहिली. मी स्टुलाची कड धरून उभी होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“दोन,” ती म्हणाली. “अन् तुमच्या शर्टाची गुंडी तुटली हाये.”

डॉक्टर हसले, कागदावर काहीतरी लिहून पुढच्या पलंगाकडे गेले. आत्या खोली बघू लागली. पंखा, खिडकी, शेजारची बाई, टेबलावरचा ग्लास. सगळं सावकाश, जणू कोणी तिला एकेक मोजून देत होतं. मग माझ्याकडे वळली. मी नजर खाली घातली नाही, तसं करावंसं फार वाटत होतं.

“केस नाही विंचरले काय वं कालपासून?” ती म्हणाली. “कशी दिसून राह्यली.”

मी पिशवीतून तिचाच कंगवा काढला आणि तिथेच उभी राहून विंचरले. ती पाहत होती.